स्टॅट्सचा ऑनलाइन कोर्स आणि नानांची बाजरी

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘अं’ आणि मागे वाजणारे हायवेवरचे हॉर्न काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात एका बाजरीच्या रानापासून करावी लागेल. रान माझ्या चुलत्यांचं, म्हणजे नानांचं. आम्ही वरवंडचे. पुणे-सोलापूर हायवेने गेला असाल तर चौफुला सोडल्यावर आणि पाटस यायच्या आधी आमचं गाव लागतं. इथे पाण्याचा हिशेब विचित्र आहे. कालवा आणि तलावाच्या बाजूला ऊस उभा असतो, आणि तिथून थोडं दक्षिणेला सरकलं की पडवी, कुसेगाव, रोटी, वासुंदे असा जिरायत पट्टा सुरू होतो. नानांची ती बाजरी जिरायतीतली.

त्या वर्षी पेरणी वेळेवर झाली. मग कणसं भरायच्या टायमालाच पावसाने दडी मारली. कणसं दिसायला कणसं, आत दाणा नाही. नानांनी पीकविमा भरलेला होता, त्यामुळे ते निवांत होते. पैसे काही आले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या महसूल मंडळाची बाजरीची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या वर निघाली, सबब भरपाई शून्य.

नानांनी मला विचारलं, “तू इंजिनियर हायेस ना? मग मला एवढंच सांग, ही सरासरी पिकली कुणाच्या रानात?”

मला उत्तर आलं नाही. खरं सांगतो, लाज वाटली. बीटेकला एम-थ्रीमध्ये मीन, व्हेरियन्स, नॉर्मल डिस्ट्रिब्युशन सगळं होतं. पेपरपुरतं पाठ केलं, पेपर झाला, विसरलो. नोकरीत रोज डॅशबोर्डवर सरासऱ्या लावतो. रिस्पॉन्स टाइमची सरासरी, अमक्याची सरासरी. पण ती कुठून येते, काय लपवते, याचा विचार केला नव्हता.

म्हणून मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा असतो तसला स्टॅटिस्टिक्सचा ऑनलाइन कोर्स लावला. एनपीटेलचा. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी भरायची आणि सेंटरवर जाऊन पेपर द्यायचा. बारा आठवडे. आठवड्याला काही व्हिडिओ, आणि एक असाइनमेंट, जी बुधवारी रात्री बारापर्यंत टाकायची. शनिवार-रविवारी मी गावी असायचो. माडीवर रेंज चांगली येते, तिथे बसून बघायचो. नाना खालून विचारायचे, “काय, सापडली का सरासरी?”

आता कोर्समध्ये उदाहरणं कसली? टायटॅनिकचे प्रवासी. नाणं उडवणं. बॅटऱ्यांचं आयुष्य. आणि आयरिसची फुलं, ही तर कुठल्याही डेटावाल्या पोराला चुकत नाहीत. आयरिसच्या तीन जातींच्या दीडशे फुलांच्या पाकळ्यांची मापं. एडगर अँडरसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने गोळा केलेली ती मापं रोनाल्ड फिशरने १९३६ मध्ये एका लेखात वापरली, आणि तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी त्याच फुलांवर हात साफ करतात. मला वाटलं, हे सगळं शास्त्र लांबचं. लंडनमध्ये जन्मलं, अमेरिकेत वाढलं, आणि आता यूट्यूबवरून वरवंडला आलं.

मग एका रात्री, असाइनमेंट टाकून झाल्यावर, फिशर १९३६ मध्ये कुठे होता म्हणून शोधलं. तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होता. आणि त्याच वर्षी त्याच कॉलेजातून संख्याशास्त्रात पीएचडी घेऊन एक पंचवीस वर्षांचा मुलगा बाहेर पडला. त्याचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. गाव बुध, सातारा जिल्हा, खटाव तालुका. म्हणजे आपल्यासारखाच कमी पावसाचा पट्टा.

इथे माझा कोर्स खरा सुरू झाला असं म्हणा.

सुखात्मे १९११ चे. पुण्यात फर्ग्युसनमधून गणित घेऊन १९३२ ला पदवीधर झाले, आणि १९३३ ला लंडनला गेले. तो काळ बघा. तिथे तेव्हा फिशर आहे, एगॉन पिअरसन आहे, आणि पोलंडहून आलेला जेर्झी नेमान आहे. नेमानने १९३४ मध्ये एक निबंध वाचला, त्यात प्रश्न असा होता की मोठ्या समूहातून नमुना निवडायचा कसा. तोपर्यंत बरेच लोक म्हणत, ‘जाणकार माणसाने बघून प्रातिनिधिक गाव निवडावं.’ नेमानने दाखवलं की जाणकाराच्या नजरेपेक्षा चिठ्ठ्या टाकणं बरं. आणि समूह आतून एकसारखा नसेल, तर आधी त्याचे थर पाडा, प्रत्येक थरातून वेगळा नमुना घ्या, आणि ज्या थरात चढउतार जास्त तिथे नमुने जास्त घ्या. आमच्या कोर्समध्ये हे नवव्या आठवड्यात आलं, स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग म्हणून. सुखात्म्यांनी १९३५ मध्ये याच विषयावर पुढचा लेख लिहिला. प्रश्न व्यवहाराचा होता: कुठल्या थरात किती चढउतार आहे हे आधी माहीतच नसेल, तर नमुने वाटायचे कसे?

बागायत आणि जिरायत. एका मंडळातले दोन थर. बुधच्या माणसाला हे लंडनमध्ये वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार, असं मला उगाच वाटतं.

आता इथे थोडं मागे जाऊ या. कारण ‘या रानात किती पिकतं’ हा प्रश्न आपल्या भागात सुखात्म्यांच्या शंभर वर्षं आधीपासून विचारला जातोय, आणि त्याचं चुकीचं उत्तर किती महागात पडतं हेही आपल्याच भागाने पाहिलंय.

१८१८ ला पेशवाई गेली. दहाएक वर्षांनी रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे पुणे जिल्ह्याच्या जमीन मोजणीचं काम आलं. हा हुशार गडी. कंपनीच्या हेलिबरीच्या कॉलेजात थेट माल्थसकडे अर्थशास्त्र शिकलेला. डोक्यात रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत. त्याने ठरवलं, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत एकूण किती पिकतं ते काढायचं, मशागतीचा सगळा खर्च वजा करायचा, आणि जे निव्वळ उरेल त्याचे ५५ टक्के सरकारने सारा म्हणून घ्यायचे. कागदावर एकदम चोख. आजचा कुणी डेटावाला असता तरी असंच मॉडेल केलं असतं.

घोळ आकड्यांत होता. उत्पन्नाचे, खर्चाचे, जमिनीच्या प्रतीचे आकडे गोळा करणार कोण? हाताखालची माणसं. त्यांनी कुठे अंदाज ठोकले, कुठे पैसे खाऊन जमीन खालच्या प्रतीत टाकली, तर कुठे पैसे न देणाऱ्याची वरच्या प्रतीत. वर अपूर्णांकांपर्यंत हिशेब, खाली पाया कच्चा. आमच्याकडे म्हणतात ना, डेटा कचरा तर उत्तरही कचरा. फक्त इथे उत्तर म्हणजे शेतकऱ्याच्या दारात उभा राहिलेला सारा होता. तो भरणं होईना, थकबाकी साचत गेली, लोकांनी जमिनी टाकल्या, काही गावं सोडून गेले. इंदापूर तालुका तर पार मोडकळीला आला.

म्हणून १८३५ च्या सुमाराला इंदापुरातच गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली. त्यांची युक्ती मला इंजिनियर म्हणून आवडली. त्यांनी ‘नेमकं किती पिकतं’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. म्हणाले, ते आपल्याला कळणार नाही. आपण फक्त एका जमिनीची दुसरीशी तुलना करू. जमिनीची खोली, पोत आणि दोष बघून प्रत लावायची, उत्तम जमीन सोळा आणे, बाकीच्या त्याहून कमी. आणि तालुक्याचा एकूण सारा आधी किती वसूल होत आला ते बघून ठरवायचा, तोही तीस वर्षांसाठी. नंतर ही पद्धत भीमथडीत आली. आजचा दौंडचा बराचसा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात होता. हो, भीमथडीची तट्टं म्हणतात तीच भीमथडी.

तीस वर्षं सरल्यावर फेरआकारणी झाली, सारा वाढला, त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपल्यावर कोसळले, कर्ज तुंबलं. पुढचं शाळेत वाचलेलं असेल: १२ मे १८७५, सुपे. चौफुल्यावरून जो रस्ता सुप्याला जातो तेच सुपे. लोकांनी सावकारांच्या घरांतून खतं आणि वह्या काढून जाळल्या. दख्खनचे दंगे त्यालाच म्हणतात. त्या दंग्यांवर स्वतंत्र भाग करायचा आहे, म्हणून इथे थांबत नाही. फक्त एक लक्षात घ्या, लोकांनी जाळली ती कागदं होती. आकडे होते.

बरं, आणे हा शब्द जमिनीच्या प्रतीपुरता राहिला नाही. पीक किती आलं हेही आण्यांत सांगायची रीत होती. पाटील, कुलकर्णी, वरचे अधिकारी रानावरून नजर टाकत आणि म्हणत, यंदा आठ आणे पीक. मग क्षेत्र गुणिले नेहमीचं उत्पन्न गुणिले आणे, झाला जिल्ह्याचा अंदाज. तीच आणेवारी पुढे पैसेवारी झाली, आणि आजही दुष्काळाच्या बातमीत ‘पन्नास पैशांच्या आत’ हे शब्द तुम्ही ऐकता. नजर माणसाची असते. सारा घेणाऱ्याची नजर वेगळी, देणाऱ्याची वेगळी, आणि सूट मागणाऱ्याची त्याहून वेगळी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तर पिकांचे सरकारी आकडे किती कमी भरवशाचे आहेत हे जगाला दिसलं.

आणि इथे सुखात्मे परत येतात. १९४० मध्ये ते दिल्लीला शेती संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून लागले. त्यांच्या जोडीला दुसरं मराठी नाव व्ही. जी. पानसे यांचं. पानसे इंदूरला कापसावर काम करत. त्यांनी अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाची नमुना पाहणी केली, सुखात्म्यांनी उत्तरेत गव्हावर. कल्पना साधी होती. नजर नको. चिठ्ठ्या टाकून गाव निवडा, चिठ्ठ्या टाकून गट नंबर निवडा. मग त्या रानाच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहा, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्या, एक लांबीचा, एक रुंदीचा. तेवढी पावलं चाला. जिथे पोचाल तिथे ठरलेल्या मापाचा तुकडा आखा. त्यातलं पीक कापा, मळा, तोला. पीक चांगलं दिसतंय म्हणून इकडे सरकायचं नाही, वाईट दिसतंय म्हणून तिकडे नाही. पीक कापणी प्रयोग म्हणतात तो हा. नानांच्या विम्याची सरासरी ज्यातून निघाली, तेच.

मग भांडण झालं. आणि हे भांडण माझ्या मते कोर्सच्या बारा आठवड्यांपेक्षा जास्त शिकवतं.

तुकडा केवढा आखायचा? बंगालमध्ये महालनोबिस, भारतीय संख्याशास्त्राचं सगळ्यांत मोठं नाव, लहान गोल वापरत होते. काही फूट त्रिज्या. तर्क बरोबर होता: तुकडा लहान असेल तर काम पटकन होतं, त्याच पैशांत कितीतरी जास्त तुकडे कापता येतात, आणि नमुने जितके जास्त तितकी चूक कमी. कोर्समधलं ते सूत्र आठवा, चूक भागिले एनचं वर्गमूळ.

सुखात्म्यांनी गव्हाच्या त्याच रानांत वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून बघितले. मोठा त्रिकोण, छोटा त्रिकोण, तीन फुटांचा गोल, दोन फुटांचा गोल. आणि काय निघालं? तुकडा जितका लहान, तितकं एकरी उत्पन्न जास्त दिसायला लागलं. सगळ्यांत लहान गोलात तर मोठ्या तुकड्याच्या मानाने चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त!

का? विचार करा. तुम्ही दोरी धरून रानात बसलाय. दोरीवरच एक ताट आलंय, निम्मं आत निम्मं बाहेर. काय कराल? दहातले आठ जण ते आत घेतात. वाईट हेतूने नाही, भरल्या ताटावर विळा चालवायचा मोह असतो. मोठ्या तुकड्यात अशा कडेच्या ताटांनी फरक पडत नाही, कारण आतलं क्षेत्र भरपूर. लहान गोलात मात्र कडच कड. दोन फूट त्रिज्येच्या गोलाला दर चौरस फुटामागे एक फूट कड येते. तेहतीस फुटांच्या त्रिकोणाला ती साधारण अडीच इंच.

१९४६ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. महालनोबिस मानायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, माझी माणसं तयार आहेत, ती अशी चूक करत नाहीत. वाद बरीच वर्षं धुमसला.

इथला मुद्दा मला व्हिडिओत तीन वेळा बघूनही कळला नव्हता, तो गव्हाच्या ताटाने कळवला. चुका दोन तऱ्हेच्या. एक चूक कधी वर, कधी खाली. तिला नमुने वाढवले की ती आपोआप मिटत जाते. दुसरी कायम एकाच बाजूला झुकलेली. तिला हजार नमुने घ्या, लाख घ्या, ती हलत नाही. उलट तुम्ही चुकीच्या उत्तराबद्दल जास्त खात्रीने बोलायला लागता. प्रिंगलची चूक दुसऱ्या जातीची होती.

१९५४ मध्ये पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीतल्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक आलं. ॲग्रीकल्चरच्या तुमच्या कुठल्याही मित्राला ‘पानसे-सुखात्मे’ म्हणा, तो मान हलवेल. तोवर सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागात गेले होते. १९७० पर्यंत तिथे राहिले आणि मग पुण्यात परतले. आणि आपल्याकडे पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये कोल्हापूरच्या व. शं. हुजूरबाजारांनी संख्याशास्त्र विभाग सुरू केला. हुजूरबाजार केंब्रिजचे. म्हणजे सत्तर वर्षं हा विषय शिकायचा तर आमच्याकडच्या पोराला केडगावहून लोकल नाहीतर हायवेवरून एसटी धरून पुणं गाठायला लागायचं. मी माडीवर चड्डी-बनियनवर शिकलो. फरक एवढाच की त्यांना समोर मास्तर होते, शंका विचारता येत होती. माझी शंका खाली ओट्यावर बसलेली होती आणि बिडी ओढत होती.

आता त्या शंकेकडे येतो.

विम्याचा हिशेब असा चालतो. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपात आली. मागच्या काही वर्षांच्या सरासरीवरून त्या भागाचं उंबरठा उत्पन्न काढतात. यंदाचं उत्पन्न पीक कापणी प्रयोगांतून काढतात. यंदाचं खाली गेलं तर जेवढे टक्के तूट, तेवढे टक्के भरपाई. महसूल मंडळ हे एकक असेल तर कमीत कमी दहा प्रयोग, गाव किंवा ग्रामपंचायत असेल तर चार. एका शेतकऱ्याचं एकट्याचं रान मोजत नाहीत.

मी लॅपटॉपवर एक खोटं मंडळ केलं. सांगून ठेवतो, हे आकडे माझ्या मनाचे, आमच्या मंडळाचे नाहीत. समजा बाजरीखालच्या शंभर रानांपैकी साठांना एखादं पाणी मिळतं, तिथे एकरी नऊ क्विंटल आली. चाळीस कोरडी, तिथे तीनच. उंबरठा सहा क्विंटल धरा. मंडळाची खरी सरासरी निघते सहा पूर्णांक सहा. म्हणजे उंबरठ्याच्या वर. तीन क्विंटल पिकवणाऱ्या चाळीस जणांना शून्य. यात कुणीही लबाडी केलेली नाही हं. सगळे प्रयोग नियमाने झाले तरी हेच.

म्हणजे नानांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खोट्या मंडळात तरी असं आलं: सहा पूर्णांक सहा क्विंटल कुणाच्याच रानात पिकली नाही. एकाही नाही.

पुढे अजून गंमत आहे. आपण शंभर रानं मोजत नाही, चिठ्ठीने दहा मोजतो. दहांत कोरडी रानं चार निघतील असं साधारण धरा, पण कधी तीन, कधी सहा. सहा किंवा जास्त निघाली तरच सरासरी सहाच्या खाली जाते. कोर्समधलं बायनॉमियल लावलं आणि उत्तर आलं साधारण १७ टक्के. म्हणजे तोच पाऊस, तीच रानं, तीच बाजरी, पण सहा वेळा चिठ्ठ्या टाकल्या तर एकदा भरपाई मिळते, पाच वेळा नाही. आणि मिळते तेव्हा तरी किती? कोरडी रानं सहा निघाली तर सरासरी पाच पूर्णांक चार, तूट दहा टक्के. नानांची स्वतःची तूट उंबरठ्याच्या मानाने पन्नास टक्के.

थर पाडा, हे १९३४-३५ मध्ये लिहून ठेवलंय की! कोरडं वेगळं, पाण्याखालचं वेगळं. जनाई उपसा योजनेचं पाणी वरवंडच्या तलावातून उचलतात. कुठल्या रानाला पाणी पोचतं आणि कुठल्या नाही हे गावात शेंबडं पोरही सांगेल. पण माझा उत्साह कोर्सनेच थोडा खाली आणला. थर पाडले की प्रत्येक थरात प्रयोग पुरेसे हवेत. दहाचे वीस होतील, राज्यभर हिशेब केला तर माणसं कुठून आणायची? सगळी कापणी एकाच पंधरवड्यात असते. आणि एकक जितकं लहान, तितका एकेका प्रयोगावर भार जास्त, तितकी त्या एका रानात ‘जरा इकडे सरकवा’ म्हणायची ओढ जास्त. म्हणजे पहिल्या तऱ्हेची चूक घालवताना दुसऱ्या तऱ्हेची दारातून आत येते. सुखात्मे-महालनोबिस भांडण संपलेलं नाही, मोबाइल ॲपवर आणि जीपीएसवर आलंय एवढंच.

सरासरीने काय काय झाकलं जातं, यावर सुखात्मे उतारवयातही भांडले, तेही पुण्यात बसून. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गरिबीवरचा अभ्यास छापला. माणशी दिवसाला २२५० कॅलरी ही रेघ धरली, आणि १९६०-६१ साठी ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के, शहरातले सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली काढले. सुखात्मे म्हणाले, ही सरासरी गरज आहे. निरोगी माणसांतही निम्मे सरासरीच्या खालीच असणार, आणि एकाच माणसाची गरजही रोज बदलते. तेव्हा रेघ सरासरीवर नको, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून काढा. तसं केलं की भुकेल्यांची संख्या बरीच कमी भरते. साहजिकच लोक खवळले: हे तर सरकारच्या सोयीचं गणित. मला विचाराल तर गणित सुखात्म्यांचं बरोबर वाटतं आणि रागही बरोबर वाटतो. कमी खाऊन शरीर जुळवून घेतं हे खरं असेल, पण जुळवून घेण्याची पाळी कायम त्याच घरावर का येते, हे प्रमाण विचलन सांगत नाही.

एक आडवळण घेतो, राहवत नाही म्हणून. पुण्यात मी भाड्याने राहतो पिंपळे सौदागरला. सगळे आयटीवाले, टॉवरच टॉवर. या गावावर १९१७ मध्ये एक पुस्तक निघालंय! पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचं घर न घर मोजलं. १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१४-१५ मध्ये सात. पुढे त्यांनी ना. वि. कानिटकरांबरोबर शिरूर तालुक्यातलं कोरडवाहू जातेगाव बुद्रुक तसंच मोजलं, ते १९२१ ला छापलं. नमुना वगैरे काही नाही, अख्खं गाव. दोन गावांना काही वर्षं लागली. म्हणून तर नमुने काढायची विद्या लागते. आता धारणेची सरासरी चौरस फुटांत काढायला लागेल म्हणा. असो.

कोर्स संपला. परीक्षा पुण्याला एका सेंटरवर झाली, पास झालो, मार्क सांगत नाही. त्या शनिवारी नानांना ओट्यावर सगळं समजावलं. लॅपटॉप नेला नाही. शंभर खडे घेतले, साठ काळे, चाळीस पांढरे, गोणीत टाकले आणि नानांना दहा-दहा काढायला लावले. दहा काढायचे, पांढरे मोजायचे, परत टाकायचे. सातव्या खेपेला सहा पांढरे आले.

नाना म्हणाले, “म्हंजी आपल्याला पैसं मिळणार का न्हाई, ते खडं ठरवणार?”

म्हटलं, “थोडंफार तसंच, नाना. आणि खडे काढायच्या आधी गोण कुठली धरायची, तेही.”

“मग गावाला धरून मोजा म्हणावं.”

मी त्यांना चार प्रयोगांचं, माणसांचं, कडेच्या ताटाचं सगळं परत सांगितलं. ताटाचं त्यांना लगेच पटलं. हसले. म्हणाले, मीबी आतच घेतलं असतं.

यंदा कापणी प्रयोगाला गावात कोण येतंय, कुठल्या गटात, ते विचारून ठेवलंय. शेतकऱ्यांना तिथे उभं राहून बघता येतं. नाना जाणार आहेत. टेपचं एक टोक मी धरतो म्हणाले.